फोनातली पावसाची ॲपं : रिव्ह्यू थोडा, भांडण जास्त

आधी मार्क देऊन टाकतो म्हणजे ज्यांना घाई आहे ते सुटले. फोनसोबत फुकट आलेलं हवामानाचं ॲप, पाचपैकी अडीच. वर्षाचे पैसे भरून घेतलेलं खाजगी ॲप, दोन. हवामान खात्याची सेवा, म्हणजे मौसम, मेघदूत, दामिनी ही ॲपं आणि त्यांची रोजची पत्रकं, सगळं मिळून साडेतीन. पहिल्या दोघांची नावं टाकत नाही, कारण दुखणं एका कंपनीचं नाहीये, थोड्याफार फरकाने सगळी त्याच माळेचे मणी.

मी राहतो पुण्यात पण ही ॲपं घेतली ती दादासाठी. दादा म्हणजे मावसभाऊ, तासगावकडं त्याची द्राक्षबाग आणि बेदाण्याचं शेड आहे. ज्यांनी बेदाणा होताना बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो, द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून काढायची, मग शेडमधे एकावर एक ताणलेल्या जाळ्यांवर पसरायची, आणि पुढचे पंधरा-एक दिवस वारा त्याचं काम करतो. शेडला वर छत, बाजू उघड्या. मार्च-एप्रिलचा एखादा अवकाळी पाऊस तिरका आत घुसला की पिवळा-हिरवा माल काळा पडतो, आणि काळ्या मालाचं काय होतं ते सौद्यात उभं राहिल्यावर कळतं. वाचवायचं तर बाजूंनी कागद सोडायचा (प्लॅस्टिकचा, पण सगळे कागदच म्हणतात), त्याला माणसं लागतात, आणि कागद सोडून ठेवला की आत दमट होतं, माल वाळायला उशीर, म्हणजे उगीच सोडून ठेवणंही परवडत नाही. त्यामुळं सीझनभर प्रश्न एकच. दादा फोनवर म्हणतो, "ते टक्के-बिक्के तू बघ, मला कागद सोडू का नको एवढं सांग."

आता खाजगी ॲप. दिसायला झकास आहे, त्यात वादच नाही, ढग हलतात, वारा वाहतो, सगळं. पण ते 45 दिवसांचा अंदाज देतं आणि तोही तासागणिक. म्हणजे मार्च लागला की तुम्ही बघू शकता की एप्रिलच्या अमुक तारखेला दुपारी चार वाजता तासगावात 2.3 मिमी पाऊस आहे. दोन पॉइंट तीन! एडवर्ड लॉरेंझ या अमेरिकन हवामानशास्त्रज्ञाने 1963 मधेच दाखवून दिलंय की वातावरणासारख्या गोष्टीत सुरुवातीच्या मोजमापात केसाएवढी चूक असली तरी ती वाढत वाढत सगळं गणित गिळून टाकते, आणि रोजच्या रोज हवा सांगायची मर्यादा साधारण दोन आठवड्यांची धरतात. त्यापुढं हवामानशास्त्र बोलतं ते "या पंधरवड्यात सरासरीपेक्षा जास्त की कमी" असल्या भाषेत. ॲपवाले मात्र दशांशचिन्हासकट तारीख-वेळ देतात. ह्याला शास्त्र म्हणायचं नाही, हे शास्त्राचे कपडे घातलेलं भविष्य आहे, आणि एक स्टार मी निव्वळ त्याबद्दल कापलाय.

टक्क्यांचं काय ते जरा नीट बघू, कारण इथं बहुतेक लोक ॲपला उगीच शिव्या घालतात. "30 टक्के पाऊस" म्हणजे दिवसाच्या 30 टक्के वेळ पाऊस असं नाही, आणि हलका पाऊस असंही नाही. आज जशी परिस्थिती आहे तशी शंभर वेळा आली तर साधारण तीस वेळा तुमच्या ठिकाणी पाऊस पडेल, एवढंच. आता दादाचा हिशोब लावा. समजा कागद सोडायचा सगळा खर्च दहा हजार आणि माल भिजला तर लाखाचा फटका. मग शक्यता 10 टक्क्यांच्या वर गेली की कागद सोडणं शहाणपणाचं, भले दहातल्या सात-आठ वेळा पाऊस येणार नाही आणि शेजारचे हसतील. याच 30 टक्क्यांवर मी पुण्यात छत्रीसुद्धा घेत नाही. अंदाज तोच, निर्णय दोन, आणि दोन्ही बरोबर. अंदाज देणाऱ्याचं काम फक्त शक्यता प्रामाणिकपणे सांगणं, निर्णय ज्याचा तोटा होणार त्याने घ्यायचा.

पण प्रामाणिकपणे सांगितलीय हे ओळखायचं कसं? इथं खरी गंमत आहे. विज्ञान म्हणजे काय विचारलं की आपल्याकडं वाचणारी माणसं पटकन कार्ल पॉपर या तत्त्वज्ञाचं नाव घेतात, जे विधान खोटं ठरू शकतं तेच वैज्ञानिक, बाकी सगळं गप्पा. छान निकष आहे. आता त्यात 30 टक्के बसवून दाखवा. पाऊस पडला, ॲप म्हणतं मी 30 म्हणालोच होतो की. नाही पडला, ॲप म्हणतं 70 टक्के नाहीच म्हणालो होतो. कुठल्याही एका दिवसात हे विधान खोटं ठरतच नाही! पॉपरला हे माहीत नव्हतं असं नाही, 1934 च्या पुस्तकात शक्यतांच्या विधानांशी तो पानंच्या पानं झटापट करतो, आणि त्याचं उत्तर मला विचाराल तर ओढूनताणून आणलेलंच वाटतं. व्यवहारातला मार्ग हवामानवाल्यांनी काढला. एकेक दिवस बघू नका, ढीग बघा. ज्या ज्या दिवशी "30" म्हणालात ते सगळे दिवस एका बाजूला काढा, त्यातल्या तीसेक टक्के दिवशी पाऊस पडला का? पडला असेल तर तुमचा 30 खरा. ग्लेन ब्रायर या हवामानशास्त्रज्ञाने 1950 मधे यासाठी मार्क द्यायची पद्धत काढली, ती आजही वापरतात.

म्हणजे तपासायचं तर जुने अंदाज जपून ठेवले पाहिजेत. आणि हीच माझी मुख्य तक्रार, बाकी सगळं सोडा. दोन्ही ॲपं कालचा अंदाज पुसून टाकतात. सोमवारी ॲप शुक्रवारसाठी 60 दाखवतं, बुधवारी ते 20 होतं, शुक्रवारी सकाळी ढग दिसले की 85, आणि शनिवारी त्या जागी नुसतं "पाऊस पडला" असं चित्र, जणू पहिल्यापासून माहीतच होतं. सोमवारचा 60 कुठं गेला? बुधवारचा 20 कुठं गेला? अंदाज बदलणं गैर नाही, नवीन माहिती आली की बदललाच पाहिजे, पण आधीचा खोडरबरने पुसणं म्हणजे परीक्षेत उत्तरपत्रिका परत मागून घेणं झालं. पैसे घेतलेल्या ॲपच्या सपोर्टला मेल टाकून विचारलं की मागचे अंदाज कुठं बघायला मिळतील, तर उत्तर आलं की "आमची अचूकता उद्योगात सर्वोत्तम आहे" आणि खाली एक हसरा ढग.

मग मी आपले स्क्रीनशॉट काढून शीटमधे भरायला लागलो, दादाच्या शेडवर एक साधा प्लॅस्टिकचा पर्जन्यमापक लावला आणि वहिनी रोज सकाळी साडेआठला आकडा पाठवतात (साडेआठच, कारण हवामान खातं पण तेव्हाच मोजतं). एका शेडचा, एका सीझनचा डेटा म्हणजे फार काही नाही हे मान्य, पण एवढं दिसलं की खाजगी ॲप 30-40 म्हणतं तेव्हा आमच्याकडं पाऊस फारच क्वचित येतो. कारण उघड आहे, पाऊस सांगितला नि आला नाही तर माणूस खुश, सांगितला नाही नि आला तर अनइन्स्टॉल, म्हणून थोडा थोडा वाढवून सांगायचा. हा शास्त्राचा दोष नाही, धंद्याचा आहे. प्रत्येक शास्त्राच्या सेवेत हा प्रश्न येतो, की हे चाललंय कशासाठी, खरं काय ते कळावं म्हणून की गिऱ्हाईक टिकावं म्हणून. हेतू बदलला की पद्धत तीच ठेवून सुद्धा आकडे वाकडे होतात.

आता कुणी म्हणेल मग पंचांगातलं पावसाचं वाहन काय वाईट. हा प्रश्न टिंगलीवारी नेऊ नका, चांगला प्रश्न आहे. वाहन काढायची रीत अगदी पक्की आहे, सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं, 9 ने भागायचं, बाकी उरेल त्यावरून घोडा, कोल्हा, बेडूक, मोर, म्हैस, हत्ती वगैरे. बेडूक, म्हैस, हत्ती आले की पाऊस चांगला. बघा, यात काहीही गुळमुळीत नाही, कॅलेंडरवर वर्ष-वर्ष आधी छापून येतं, खोडता येत नाही, चुकलं तर चुकलेलं सगळ्यांना दिसतं. म्हणजे पॉपरच्या परीक्षेत वाहन पास, आणि माझं प्रीमियम ॲप नापास! विज्ञानाचा इतिहास लिहिणाऱ्या थॉमस कूनने पॉपरला नेमकं हेच सुनावलं होतं, ज्योतिषाच्या बाबतीत. तो म्हणाला ज्योतिषी चुकत नव्हते असं थोडंच आहे, चुकलेल्या भाकितांची नोंद इतिहासात आहेच, फरक असा की चुकल्यावर त्यातून सोडवायला कोडं तयार होत नव्हतं. हत्ती असून कोरडं गेलं तर 9 च्या ऐवजी 11 ने भागून बघूया, किंवा कोकणाला वेगळं वाहन आणि माणदेशाला वेगळं लावून बघूया, असं आजवर कुणी म्हटल्याचं ऐकिवात नाही. चूक होते, दिसते, आणि तशीच पडून राहते.

याच्या उलट उदाहरण आपल्या पुण्याचंच आहे. वसंत गोवारीकर, मूळचे रॉकेटवाले, त्यांच्या पुढाकाराने 1988 पासून हवामान खातं 16 घटकांचं मॉडेल वापरायला लागलं. कुठल्या समुद्राचं तापमान, कुठला बर्फ, कुठल्या उंचीवरचा वारा, असे 16 घटक घेऊन देशभराचा मान्सून सरासरीच्या किती टक्के ते सांगायचं. वर्षानुवर्षं बरं चाललं, गावातल्या पारावर सुद्धा गोवारीकरांचं मॉडेल हा शब्द होता. आणि 2002 ला अंदाज 101 टक्क्यांचा, झाला 81. जुलै तर निम्म्यावर आला. देशभर दुष्काळ, आणि वर्तमानपत्रांनी खात्याची जी काही धुलाई केली ती वेगळीच.

लोक म्हणतात 14 वर्षं बरोबर आणि एकदा चूक. मला ते 14 पण तपासून बघावेसे वाटतात. 1988 ते 2001 या काळात देशपातळीवर एकदाही दुष्काळ पडलेला नाही. म्हणजे जो माणूस दरवर्षी डोळे झाकून "यंदा दुष्काळ नाही" म्हणाला असता तोही 14 पैकी 14! म्हणून अंदाज नुसता बरोबर आला याला फार किंमत नाही, काहीच न कळणाऱ्यापेक्षा तुम्ही किती पुढं आहात हे मोजायचं असतं. ॲपवाले जाहिरातीत 90 टक्के अचूक लिहितात ना, मार्चमधे तासगावात रोज "पाऊस नाही" लिहिलं तरी साधारण तेवढं येतं.

पण 2002 नंतर काय झालं ते बघा. पुढच्याच वर्षी खात्याने ते मॉडेल बाजूला ठेवून 8 आणि 10 घटकांची नवीन मॉडेलं आणली. 2004 ला परत आपटले. 2007 ला पद्धत पुन्हा बदलली. 2009 ला जूनमधे 93 म्हणाले, झाला 78. 2012 ला मान्सून मिशन सुरू झालं, पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत वातावरण आणि समुद्र यांची समीकरणं एकत्र सोडवणारं मॉडेल आपल्या मान्सूनसाठी घडवायला घेतलं, म्हणजे आता नुसती जुन्या आकड्यांची संगत बघणं नाही, खालची यंत्रणाच गणितात बसवायची. हे सगळे आकडे मी कुठून आणले? खात्यानेच छापलेत. दरवर्षी मान्सून संपला की आम्ही काय म्हणालो होतो आणि काय झालं याचा अहवाल काढतात. हवामान खात्यावर आपण जेवढे जोक करतो ते करता येतात कारण त्यांचे आकडे नोंदलेले आहेत, माझ्या खाजगी ॲपवर जोक करायचा तर आधी स्क्रीनशॉट शोधा.

या नोंदी ठेवण्याचा आजोबा म्हणजे लुईस फ्राय रिचर्डसन. हा इंग्रज गडी पहिल्या महायुद्धात फ्रान्समधे रुग्णवाहिकेच्या पथकात होता आणि मधल्या वेळात हाताने समीकरणं सोडवत होता, 20 मे 1910 या होऊन गेलेल्या दिवसाचा सहा तासांचा अंदाज. उत्तर आलं हवेचा दाब 145 हेक्टोपास्कलने वाढणार. प्रत्यक्षात दाब जवळजवळ हललाच नव्हता. एवढा फरक कुठल्या चक्रीवादळात पण नसतो. दुसरा असता तर कागद चुलीत घातले असते, याने 1922 मधे पद्धतीसकट आणि चुकीसकट पुस्तकच काढलं. साधं पॉपर लावलं तर सिद्धांत खोटा ठरला, विषय संपला. पण पिएर दुएम हे फ्रेंच महाशय त्याआधीच सांगून गेले होते की प्रयोग फसला की एकूण गाठोड्यात काहीतरी चुकलंय एवढंच कळतं, नेमकं काय ते कळत नाही. तसंच निघालं. समीकरणं बरोबर होती, सुरुवातीला भरलेल्या मोजमापांचा आपसात मेळ नव्हता. 1950 ला अमेरिकेत एनियाक संगणकावर त्याच वाटेने पहिले अंदाज काढले आणि आज दादाच्या फोनवर जे येतं ते त्याच घराण्यातलं. म्हणजे चूक दिसली की लगेच फेकणं हे शहाणपण नाही आणि कधीच न फेकणं हेही नाही. किती वेळ धीर धरायचा याचा नियम मला तरी कुणाकडं सापडलेला नाही, इम्रे लकाटोश हा विज्ञानाचा तत्त्वज्ञ म्हणतो दुरुस्त्यांमधून नवीन काही कळतंय का ते बघा की नुसतीच ठिगळं लागताहेत, आणि माझ्या मते त्यातल्या त्यात हेच कामाचं.

आता नवीन लफडं. एआयचे अंदाज. गूगल डीपमाइंडचं ग्राफकास्ट 2023 मधे आलं, दहा दिवसांचा जगाचा अंदाज एका मिनिटाच्या आत, आणि बऱ्याच मोजमापांवर भल्याभल्या समीकरणवाल्या मॉडेलांपेक्षा सरस. त्याला वारा म्हणजे काय, बाष्प म्हणजे काय, कशाचं समीकरण माहीत नाही, 1979 पासूनची हवा बघून बघून शिकलंय. 2025 च्या खरिपाआधी केंद्राच्या कृषी खात्याने असल्याच मॉडेलांवरून मान्सून कधी येणार ते 13 राज्यांतल्या 3.8 कोटी शेतकऱ्यांना एसएमएसने कळवलं. दादाला विचारलं तर तो म्हणेल कागद वेळेवर पडला ना, मग आतलं भूत का काय ते असू दे. आणि विज्ञानाचं काम म्हणजे दिसणाऱ्या गोष्टींचा हिशोब जुळवणं, त्यामागचं सत्य वगैरे शोधणं नाही, असं म्हणणारे भारदस्त तत्त्वज्ञ पण आहेत, हा दुएम त्यातलाच.

मला ते पूर्ण पटत नाही, आणि त्याचं कारण पण मान्सूनच आहे. 1904 ला गिल्बर्ट वॉकर नावाचा केंब्रिजचा गणिती आपल्या हवामान खात्याचा प्रमुख झाला. त्याला हवामानशास्त्र येत नव्हतं, त्याने एआयसारखंच केलं, जगभरचे आकडे गोळा करून कशाची संगत कशाशी लागते ते काढलं. त्यात पॅसिफिक आणि हिंदी महासागरावरच्या दाबाचा झोका सापडला, आज एल निनोची (पॅसिफिकचं पाणी नेहमीपेक्षा तापतं ते) अर्धी गोष्ट त्यावर उभी आहे. पण त्याने मान्सूनसाठी निवडलेल्या संगती पुढं सैल होत गेल्या, एकेकाळी चालणारे घटक चालेनासे झाले, आणि का ते सांगायला कुणाकडं काही नव्हतं, झोक्यामागची यंत्रणा हवामानशास्त्रज्ञ बियर्कनेसने 1969 मधे उलगडली. पुढं 1997 ला शतकातला दांडगा एल निनो आला, सगळे दुष्काळाची वाट बघत बसले, आणि मान्सून झाला 102 टक्के. नुसती संगत बघणारा इथं डोक्याला हात लावून बसतो. ज्यांना कारण हवं होतं त्यांनी शोधलं, 1999 मधे हिंदी महासागराच्या पूर्व-पश्चिम तापमानाचा द्विध्रुव पुढं आला आणि 1997 चं कोडं बरंचसं सुटलं. एआयचा अजून एक मुद्दा कुणी सांगत नाही, ते ज्या जुन्या डेटावर शिकलंय तो युरोपियन हवामान केंद्राने समीकरणांच्या मॉडेलमधूनच जुळवून तयार केलेला आहे. म्हणजे भौतिकशास्त्राच्या खांद्यावर बसून भौतिकशास्त्राची गरज नाही म्हणायचं.

बरं, सरकारी सेवेचा रिव्ह्यू राहिलाच. मेघदूतवर मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्ह्याचा कृषी सल्ला मराठीत येतो, फवारणी करा-थांबा इतकं सरळ, दादाला तेच आवडतं. दामिनी विजेसाठी, आयआयटीएमने बनवलंय, वळवाच्या दिवसांत शेतात जाणाऱ्या प्रत्येकाच्या फोनवर पाहिजेच, फुकट आहे. पत्रकातली भाषा मात्र समजून घ्या. "तुरळक ठिकाणी" म्हणजे विभागातल्या 25 टक्क्यांपर्यंत केंद्रांवर, "काही ठिकाणी" म्हणजे निम्म्यापर्यंत, "बऱ्याच ठिकाणी" 75 पर्यंत, त्याच्या वर "बहुतांश". "जोरदार" म्हणजे 24 तासांत 64.5 मिमीच्या पुढं. लोकांना हे सरकारी गुळमुळीत वाटतं पण प्रत्येक शब्दामागं आकडा बांधलेला आहे, चुकलं तर पकडता येतं. दीड स्टार कापला कारण जिल्हा हे माप दादाच्या शेडला फार मोठं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिमी आणि कुलाब्याला 73, एकाच शहरात! 2025 च्या मे महिन्यात 6 किलोमीटरच्या जाळीचं (म्हणजे दर 6 किलोमीटरच्या चौकटीला वेगळा अंदाज) भारत फोरकास्ट सिस्टीम हे मॉडेल सुरू झालंय, आधी जाळी 12 ची होती, त्याने तालुका-गावपातळीवर किती फरक पडतो ते एक-दोन अवकाळी सीझन गेल्यावरच सांगता येईल, माझी शीट चालू आहे.

घ्यायचं काय विचाराल तर मेघदूत आणि दामिनी टाकून ठेवा, पाऊस दारात आला की रडार बघा, पुढच्या पाच दिवसांपलीकडच्या तासागणिक आकड्यांवर एक रुपया लावू नका. आणि पैसे भरून खाजगी ॲप घेतलं असेलच तर सेटिंगमधे जाऊन ऑटो-रिन्यू बंद करा, ते बटण तिसऱ्या पानावर तळाला राखाडी अक्षरात आहे.